मालिका बघितली नसलीस तरी चालेल

पुस्तक पुढे करताना हे वाक्य माझ्या तोंडून जातंच. "वाच गं. म्हणजे तसं ते मालिकेवरचं आहे, पण मालिका बघितली नसलीस तरी चालेल." यातला दुसरा भाग खोटा आहे हे मलाही ठाऊक असतं आणि समोरच्यालाही. समोरचा माणूस मुखपृष्ठ बघतो. त्यावर राखाडी कातडीचा एक इसम असतो, कपाळावर चमचा दाबून काढल्यासारखा खळगा, मानेला खवले. मग "बघते हं" म्हणून पुस्तक टेबलावरच्या वर्तमानपत्राखाली सरकवलं जातं. तिथून ते परत कधी मागायचं, एवढाच प्रश्न उरतो.

चांगल्या कादंबरीची शिफारस करताना आपण ताठ मानेने करतो. मालिकेवरून लिहिलेल्या कादंबरीची मात्र माफी मागत करतो, नात्यातल्या वाया गेलेल्या मुलाचं स्थळ सुचवावं तशी. मुलगा चांगला आहे हो, घराण्याकडे बघू नका.

मला हा नाद लागला तो मावसभावामुळे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची इंग्रजी मालिका लागायची. कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक आणि ज्याच्यावर काही आदळलं की सगळे खुर्च्यांतून डावी-उजवीकडे झुलायचे ते यान. इंग्रजी अर्धंच कळायचं, उरलेलं दादा सांगायचा. त्यातलं निम्मं त्याने रचलेलं असायचं, हे फार नंतर कळलं. पुढे फोर्टात नोकरीला लागल्यावर फाउंटनच्या फुटपाथवर मला 'द एन्ट्रॉपी इफेक्ट' मिळालं. वोंडा मॅकिन्टायर या बाईंनी 1981 साली लिहिलेली कादंबरी. पुस्तकवाल्याने आत पेन्सिलीने वीस रुपये लिहिले होते आणि तो पंधराला द्यायला तयार नव्हता. मी अठराला घेतलं आणि लोकलमध्ये उभ्याने वाचायला सुरुवात केली.

त्यात मला सुलूचं नाव सापडलं. सुलू म्हणजे यान चालवणारा. 1966 पासून पडद्यावर तो फक्त 'मिस्टर सुलू' होता. आपल्या हापिसात कसे कुलकर्णी कुलकर्णी म्हणूनच लागतात आणि कुलकर्णी म्हणूनच निवृत्त होतात, शेवटी निरोपसमारंभाच्या फलकावर कळतं की यांचं नाव प्रभाकर होतं, तसं. मॅकिन्टायरबाईंनी त्याला 'हिकारू' हे नाव दिलं. मालिकेच्या मालकांच्या लेखी कादंबरीत जे घडतं ते घडलेलंच नसतं. खरं ते फक्त पडद्यावरचं. पण वाचकांनी ते नाव धरून ठेवलं आणि 1991 सालच्या, स्टार ट्रेकच्या सहाव्या चित्रपटात सुलू आपल्या तोंडाने 'हिकारू सुलू' म्हणाला. नोकरीला लागून पंचवीस वर्षं झाल्यावर.

या पुस्तकांच्या लेखकाची मला खरंच कीव येते. पात्रं दुसऱ्याची, जग दुसऱ्याचं, हस्तलिखित परवाना देणाऱ्याच्या हाताखालून जाणार. कर्कला कायमचं मारता येत नाही, स्पॉकचं मनाला येईल तेव्हा लग्न लावता येत नाही. भाड्याच्या घरात राहिल्यासारखं आहे हे. भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि जाताना सगळं जिथल्या तिथे. मग माणूस काय करतो? खिडकीत कुंडी ठेवतो. चांगल्या लेखकांनी अशाच कुंड्या ठेवल्या. जॉन एम. फोर्ड यांनी 1984 साली 'द फायनल रिफ्लेक्शन' लिहिली ती चक्क शत्रूच्या, क्लिंगॉन लोकांच्या घरात बसून. कर्क त्यात नावापुरता. ही कादंबरी तो वाचतो, एवढंच त्याचं काम. पुढे मालिकेने क्लिंगॉन वेगळेच रंगवले आणि फोर्डसाहेबांचं सगळं अधिकृतपणे चुकीचं ठरलं. चाहते आजही आधी तेच पुस्तक हातात देतात.

इंग्लंडात तर याहून मजेशीर प्रकार झाला. 'डॉक्टर हू' या कालप्रवासाच्या मालिकेच्या साठच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या टेपा बीबीसीने पुसून टाकल्या. पुन्हा कोण बघणार, असा हिशेब. घरी व्हिडिओ नव्हते. मग त्या भागांवरून काढलेली टार्गेट प्रकाशनाची छोटी छोटी पुस्तकं मुलांच्या हातात उरली. टार्गेटने या मालिकेवर काढलेल्या पुस्तकांतली साठाहून जास्त एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिली. डॉक्टर ज्यातून कालप्रवास करतो ती निळी पेटी येताना धापा टाकत कण्हल्यासारखा आवाज होतो, हे त्यांनी पुस्तकामागून पुस्तकात जवळजवळ त्याच शब्दांत लिहिलं. कीर्तनातल्या ठरलेल्या ओळीसारखं. ते आलं की मुलं सावरून बसायची. यात साहित्य किती, असं विचारणाऱ्याने आधी ते वय आठवावं.

पण मी ज्याच्यासाठी लोकांच्या घरी वर्तमानपत्रं उचकत फिरते ते पुस्तक हे नाही. ते आहे 'अ स्टिच इन टाइम'.

'डीप स्पेस नाइन' ही स्टार ट्रेकच्या घराण्यातली 1993 ते 1999 या काळातली मालिका. गाडी कुठेच जात नाही. बहुतेक सगळं एका अंतराळस्थानकावर घडतं. तिथे गॅरक नावाचा एक शिंपी आहे. राखाडी कातडीच्या कार्डॅसिअन लोकांनी त्या भागावर राज्य केलं, मग ते निघून गेले, त्यांच्यातला हा एकटा मागे राहिला. मी आपला साधा शिंपी, असं हा सगळ्यांना सांगतो, आणि एकाचाही विश्वास बसत नाही. तो हेर होता. कदाचित अजून आहे. तरुण डॉक्टर बशीरबरोबर तो जेवायला बसतो, खोटं बोलतो आणि पुस्तकांवर वाद घालतो.

1994 सालच्या एका भागात तर तो चक्क आमच्यातलाच निघतो. त्याने डॉक्टरला आपल्याकडची सर्वश्रेष्ठ कादंबरी वाचायला दिलेली असते. एकाच घराण्याच्या सात पिढ्या, प्रत्येक पिढी देशासाठी झिजते, म्हातारी होते, मरते. मग पुढची पिढी येऊन तेच करते. डॉक्टर चाचरत सांगतो की जरा कंटाळवाणी वाटली. त्यावर गॅरकचा चेहरा बघावा! दिलेलं पुस्तक न आवडून परत आल्यावर माझा होतो, अगदी तसाच. खवले तेवढे कमी.

या गॅरकचं काम करायचे अँड्र्यू रॉबिन्सन. इतकी वर्षं खोटं बोलणाऱ्या माणसाचं खरं काय असेल, म्हणून त्यांनी त्याची डायरी लिहायला घेतली. चाहत्यांच्या मेळाव्यांत ते त्यातली पानं वाचून दाखवायचे. त्याची कादंबरी झाली आणि मालिका संपल्यावर वर्षभराने, 2000 साली छापून आली. वेळीच घातलेला एक टाका पुढचे नऊ वाचवतो, या इंग्रजी म्हणीचा अर्धा तुकडा शिंप्याच्या पुस्तकाला नाव म्हणून दिला. युद्धात बेचिराख झालेल्या आपल्या गावी गॅरक परतलाय आणि ढिगाऱ्यात बसून डॉक्टरला लांबलचक पत्र लिहितोय. त्यात त्याची शाळा आहे, जिथे मुलांना हेरगिरीसाठी घडवतात, आणि घरी ऑर्किड वाढवणारा माळी तोलन आहे. हा माळीबाबांचा भाग वाचताना मी ठाण्याऐवजी कळव्याला उतरले होते.

तर हे पुस्तक मी वहिनीला दिलं. दादाची बायको, बँकेतून निवृत्त, हौसेने शिवण करणारी. स्टार ट्रेकचं नाव काढलं की तिला लग्नानंतरचे रविवार आठवतात आणि ती स्वयंपाकघरात जाते. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. तिने मुखपृष्ठ बघितलं. "हा शिंपी?" एवढंच विचारलं आणि पुस्तक वर्तमानपत्राखाली न ठेवता शिलाईमशीनवर ठेवलं.

तीन आठवड्यांनी तिचा फोन.

"अगं, याने काजं करताना दाखवलेलंच नाही कुठे. नुसतं शिंपी शिंपी."

"वहिनी, तो हेर आहे."

"ते कळलं मला. पण तो माळी गेला तेव्हा मी जरा थांबले हं वाचायची. आणि काय गं, एवढं मोठं पत्र लिहिलं त्याने, त्या डॉक्टरचं उत्तर आलं का?"

उत्तर पुस्तकात नाही. मी तिला सांगितलं की रॉबिन्सन यांनी 2023 मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, हे सगळं पत्र स्वतःच्या आवाजात वाचून रेकॉर्ड केलंय, हवं तर ऐक. तिला ते नको होतं. तिला उत्तर हवं होतं. दादा मागून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता आणि ती त्याला "तुम्ही थांबा हो, तुम्ही अर्धं रचून सांगता" म्हणत होती.

म्हटलं, ऊना मॅकॉरमॅक म्हणून एक बाई आहेत, त्यांनी गॅरकला घेऊन पुढे लिहिलंय. शिवाय त्या सात पिढ्यांच्या कादंबरीचं नाव उचलून त्यांनी 2009 साली खरीच एक कादंबरी लिहिली, तीही माझ्याकडे आहे.

"तीपण मालिकेवरचीच का?"

"हो. पण मालिका..."

"ते असू दे. रविवारी येताना दोन्ही घेऊन ये. आणि याचं कव्हर निघायला आलंय, मी टाका घालून ठेवलाय."