एप्रिलात प्रेकेस्तूलेन: बुटांना ब्रोडर (काटे) नसतील तर जाऊ नका

नॉर्वेतल्या स्टावांगरमधल्या मराठी मंडळींपैकी कुणालाही प्रेकेस्तूलेनच्या कड्याबद्दल विचारा, उत्तर एकच येतं. "प्रेकेस्तूलेन? अहो, पाच-सहा वर्षांची पोरं उड्या मारत जातात." जातात ना, जुलैत. आम्ही गेलो ईस्टरच्या सुट्टीत, एप्रिलमध्ये, आणि महिन्याने काय फरक पडतो ते एकानेही सांगितलं नव्हतं. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे. चालायची सवय, बरे बूट आणि वाऱ्याचं जाकीट तुमच्याकडे आहे असं धरून चालते.

आकडे फसवे आहेत. कडा ल्यूसेफ्योर्ड या खाडीच्या पाण्यापासून 604 मीटर सरळ उभा आहे, पण पार्किंगच 270 मीटरवर. जाऊन-येऊन 8 किलोमीटर, मधले चढउतार धरून साधारण 500 मीटरचा चढ. पुण्याहून आलेला दीर हे ऐकून म्हणाला, "वहिनी, हा तर सिंहगड! वर पिठलं-भाकरी नाही एवढंच." दमाच्या हिशेबाने बरोबरच बोलला. दम कुणालाच लागला नाही.

स्टावांगरहून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. 14.4 किलोमीटरचा रीफिल्के बोगदा समुद्रसपाटीखाली 292 मीटरपर्यंत उतरतो, तिथून यॉर्पेलानवरून पायथा. बोगद्याला टोल आहे, पण नाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल मागाहून येतं. भाड्याची गाडी असेल तर ते बिल भाड्यावाल्याकडून फिरून येतं आणि येताना त्याची हाताळणी फी चिकटलेली असते. गाडी घेतानाच ही फी किती ते विचारा. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना टोलपेक्षा फी जास्त बसली होती.

आणि पार्किंग. अडीचशे क्रोनरच्या घरात! म्हणजे दोन हजार रुपये, गाडी उभी करायचे. दोन तास ठेवा की दिवसभर, रक्कम तीच. बर्फामुळे अर्ध्यातून परत आलात तरी तीच. डोंगर फुकट, कारण 1957 च्या कायद्याने इथे मोकळ्या रानात कुणालाही हिंडता येतं. ती सगळी कसर या डांबरी पट्ट्यावर भरून काढतात. पायथ्याशी स्वच्छतागृह आहे, ते वापरून घ्या. पुढे वाटेत काही नाही.

आता मुख्य गोष्ट, नेवरदालस्कारे. सुरुवातीची चढण आणि दलदलीवरच्या लाकडी फळ्या पार झाल्या की दोन उतारांच्या बेचक्यातून दगडी पायऱ्यांची खडी चढण लागते. या वाटेवरच्या पायऱ्या नेपाळहून आणलेल्या शेर्पांनी रचल्या आहेत, आणि उन्हाळ्यात पोरं उड्या मारत जातात ती त्यांच्या कृपेने. एप्रिलमध्ये मात्र त्याच पायऱ्या घात करतात. बेचक्यात ऊन उशिरा पोचतं. दिवसा वरचं वितळलेलं पाणी दगडांच्या सांध्यांतून झिरपतं, रात्री गोठतं आणि सकाळी त्यावर पुन्हा पाण्याचा पातळ पदर येतो. पांढरं काहीच दिसत नाही. दगड नुसता ओला वाटतो आणि पाय टेकवला की जातो. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर चाललेल्यांना वाटेल, टाच दाबून तळवा आडवा टाकला की जमेल. शेवाळावर जमतं, यावर अजिबात नाही.

हरिश्चंद्रगड, कळसूबाई केलेला आमचा दीर चौथ्या-पाचव्या पायरीवर बसला तो बसलाच. पुढचा टप्पा त्याने चारही हातपाय टेकून, पँट भिजवत काढला. तेवढ्यात एक पासष्टीच्या आजी कुत्र्याला पट्ट्याला धरून आमच्या बाजूने खट्‌ खट्‌ करत चढून गेल्या. (1 एप्रिल ते 20 ऑगस्ट कुत्रा बांधूनच न्यायचा असा इथे नियम आहे.) त्यांच्या बुटांना ब्रोडर होते, म्हणजे रबरी पट्ट्याने बुटावर चढवायच्या काटेरी साखळ्या. वळून त्यांनी आमच्या लेकीच्या बुटांकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. लेकीला शाळेत नॉर्वेचे नऊ डोंगरनियम शिकवलेत. त्यातला आठवा, "वेळीच मागे फिरा, त्यात लाज नाही", तिने तिथेच बाबाला म्हणून दाखवला. बापलेक परत फिरले. मी आणि दीर कडेच्या खडबडीत दगडांवरून, खुरट्या बर्चच्या फांद्या धरत वर गेलो. उतरताना मात्र धरायला काही सापडेना, तेव्हा बसून घसरत खाली आले. दोन दिवस माकडहाड बोलत होतं.

माझं मत सरळ आहे. ब्रोडर नसतील तर या चढणीच्या खालूनच फिरा. काठ्यांनी भागत नाही, महागड्या ट्रेकिंग बुटांनीही नाही. मूल बरोबर असेल तर त्यालाही त्याच्या मापाचे ब्रोडर हवेत. ते आयत्या वेळी मिळणार नाहीत, कारण ईस्टरच्या आठवड्यात गुरुवार, शुक्रवार, रविवार आणि सोमवार खेळाच्या सामानाची दुकानं बंद. बुधवारीच घ्या.

दुसरं म्हणजे, पहाटे निघायची सह्याद्रीतली सवय इथे सोडा. सकाळी लवकर गेलात तर रात्रीचा सगळा बर्फ तुमच्या वाट्याला. अकराच्या पुढे चढायला लागा. एप्रिलच्या मध्याला इथे रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, घाई नाही. फक्त पायऱ्यांवर पुन्हा गोठायला लागायच्या आत, चार-पाचपर्यंत, तो टप्पा उतरून खाली असा. हवामान यर अ‍ॅपवर बघा, पण स्टावांगरचं नको, प्रेकेस्तूलेन असं नाव टाकून. तापमानापेक्षा वाऱ्याचा आकडा पाहा. माथा साधारण 25 बाय 25 मीटरचा सपाट कातळ आहे, ना कठडा ना दोरी. जोराचा वारा असेल तर मुलांना घेऊन जायचंच नाही.

वर पोचल्यावर काय वाटलं? वेड लागायची पाळी. जुलैत फोटोला रांग लागते म्हणे. आमच्या वेळी मोजकी टाळकी होती आणि सगळी कशी संत्री सोलत बसलेली, कारण ईस्टरला डोंगरावर संत्रं आणि चॉकलेटचं वेफर खायचं हा इथला रिवाजच. आम्ही मेथीचे धपाटे काढले. खाली फ्योर्डमधली बोट तांदळाएवढी. दीर बराच वेळ काही बोललाच नाही, आणि तो गप्प बसणाऱ्यातला नव्हे. पायांनी कुरकुर केली तरी मी पुन्हा जाईन, एप्रिलमध्येच जाईन. गर्दीतल्या प्रेकेस्तूलेनचं मला अप्रूप नाही.

लहान मुलं किंवा भारतातून आलेले आईवडील बरोबर असतील तर सांडनेसजवळच्या दाल्सनूतेनला जा. 324 मीटर, आरामात होतं. आमचा तो दिवस छान गेला, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. तसंच हाफ्र्सफ्योर्डच्या काठचं तीन तलवारींचं स्मारक आणि यारेनचा समुद्रकिनारा. कोकरं दिसतात, मुलं खूश.

आणि दोन कुटुंबं मिळून प्रेकेस्तूलेनला निघत असाल तर कशीही दाटी करा, पण एकाच गाडीत बसा. त्या पार्किंगवाल्यांना दोनदा पैसे द्यायची काही गरज नाही.