तुम्ही विचारलंत म्हणून: चाळीसच्या वर न्यायची की नाही?

नवी गाडी घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण मला विचारतो, "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही ना?" खरं तर तो विचारत नसतो. चुलत्याने, मेहुण्याने, पेट्रोल पंपावरच्या कुणीतरी त्याला ते आधीच सांगितलेलं असतं आणि माझ्याकडून नुसता होकार हवा असतो. "कुठल्या गिअरमध्ये?" असं मी विचारलं की त्याला वाटतं, मिस्त्री उगाच फाटे फोडतोय. पुढचं कोणी ऐकून घेत नाही. कराडात मोटरसायकलींची इंजिनं खोलण्यात माझी उमर गेली, आणि तरी या एका प्रश्नावर माझं म्हणणं आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. म्हणून लिहून काढतो.

पहिली गोष्ट, चाळीसचा नियम खोटा नव्हता. तो ज्या गाड्यांसाठी होता त्या गाड्या गेल्या. राजदूत, येझदी, चेतक या टू-स्ट्रोक. चेतकमध्ये ऑईल पेट्रोलमध्येच मिसळून टाकायचं, म्हणजे पिस्टनला वंगण मिळणार ते पेट्रोलबरोबर. घाटाच्या उतारावर रेस सोडली की पेट्रोल तुटलं आणि वंगणही तुटलं, इंजिन मात्र चाकाच्या जोराने फिरतंच आहे. त्यात पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, आणि दोघांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकी. नव्या इंजिनात पिस्टन अजून बसलेला नसतो, कुठेतरी घासतो, तिथे तापतो, फुगतो आणि जाम होतो. मागचं चाक जागच्या जागी थांबतं. खंबाटकी उतरताना जुनी माणसं डाव्या हाताची दोन बोटं क्लचवरून काढत नसत, ती उगाच नाही. त्या माणसांनी "हळू चालव" म्हटलं, कारण त्यांनी पिस्टन जाम होऊन पडलेली माणसं पाहिली होती. त्यांना मी कधीच हसणार नाही.

पण १९८५ पासून हिरो होंडाच्या सीडी १०० सारख्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या आणि हळूहळू सगळा बाजार त्यांचा झाला. यात ऑईल खाली इंजिनातच साठलेलं असतं आणि इंजिन फिरतंय तोवर पंप ते फिरवतो. उतारावर रेस सोडली म्हणून वंगण तुटत नाही. धोका बदलला, नियम मात्र तोंडातोंडी तसाच राहिला.

आता आत काय होतं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय बाकी सगळं पाठांतर आहे. नव्या सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत नसते. कारखान्यात होनिंग करून तिच्यावर मुद्दाम बारीक तिरप्या रेघांची जाळी काढलेली असते. जात्याला टाकी लावतात ना, तशी. त्या रेघांचे उंचवटे आणि पिस्टनच्या रिंगा सुरुवातीला एकमेकांना घासून एकजीव होतात आणि खोलगट भागात ऑईल टिकून राहतं. रिंग बसली म्हणतात ते हे. रिंगेला भिंतीवर दाबणारा तिचा स्वतःचा ताण अगदी थोडा असतो. खरा दाब येतो तो जळणाऱ्या वायूचा. तो खाचेतून रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. रेस दिलीच नाही तर वायूचा जोर नाही, जोर नाही तर रिंग नीट दाबली जात नाही. मग ऑईल भिंतीवर राहतं, तिथेच जळतं आणि त्याचा चिवट, चकचकीत थर बसतो. त्याला आम्ही ग्लेझ म्हणतो. एकदा तो बसला की रिंगा त्यावरून नुसत्या घसरतात. गाडी ऑईल प्यायला लागते ती कायमची.

म्हणजे अती जोर दिला तर तापून घासण्याचा धोका, आणि काहीच जोर दिला नाही तर रिंगा न बसण्याचा धोका. पहिला सगळ्यांना माहीत आहे. दुसरा सांगायला गेलो की लोक म्हणतात, मिस्त्रीला इंजिनाचं काम हवंय म्हणून पोरांना गाड्या पळवायला सांगतो. हे माझ्या तोंडावर बोललेलं आहे.

ढेबेवाडी खोऱ्यातले एक तात्या होते. वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीला घालायचे. जुनी गाडी पार थकली, म्हणून पतसंस्थेचं कर्ज काढून शंभर सीसीची नवी घेतली आणि कॅन अडकवायला मागे दोन्हीकडे लोखंडी स्टँड बसवून घेतला. पोराने, मेहुण्याने, शोरूममधल्या मुलाने, सगळ्यांनी त्यांना एकच बजावलं होतं: चाळीसच्या वर न्यायची नाही. तात्यांनी ते नेमाने पाळलं. चढालासुद्धा चौथा गिअर काढला नाही, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं आणि नव्या इंजिनाला ओरडू द्यायचं नाही, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. स्पीड पंचवीस-तीस, टॉप गिअर, मागे भरलेले कॅन, समोर चढ. इंजिन ठोके द्यायचं, थरथरायचं. तात्यांना वाटायचं, हळू चाललंय म्हणजे बरंच चाललंय.

पहिल्या सर्व्हिसिंगचे किलोमीटर त्यांचे पंधरवड्यातच भरले. पुस्तकात लिहिलेलं असतं की अमुक किलोमीटर किंवा अमुक दिवस, यातलं जे आधी होईल तेव्हा गाडी आणा. त्यांच्या लक्षात दिवस राहिले होते. दिवस भरले तेव्हा मीटर दीड हजाराच्या पुढे गेलं होतं, आणि कारखान्यातून आलेलं पहिलं ऑईल, ज्यात नव्या इंजिनाची सगळी झीज उतरते, तेच आत फिरत होतं. तोवर सकाळी निळा धूर दिसायला लागला होता. वॉरंटी नाकारली गेली: सर्व्हिसिंग उशिरा, वजन जास्त. कागदावर ते बरोबरही असेल. पुढे काही महिने तात्या ऑईल ओतत ओतत गाडी चालवत राहिले आणि मग माझ्याकडे आले.

हेड उतरवलं, ब्लॉक काढला. होनिंगच्या रेघा जवळपास दिसतच नव्हत्या, भिंत चकचकीत झाली होती. पिस्टनच्या डोक्यावर जळलेल्या ऑईलचा जाड काळा थर. तात्या शेजारी स्टुलावर बसले होते. ब्लॉक मी त्यांच्या हातात दिला आणि आत बोट फिरवायला सांगितलं. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "किती गुळगुळीत हाय की. मग काय चुकलं माझं, मिस्त्री? चाळीसच्या वर म्या कवा न्हेलीच न्हाय."

या वाक्यावर मी आजपर्यंत अडकून आहे. पहिल्याच दिवशी गाडी पिळून काढणाऱ्या पोराचं इंजिन गेलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. या माणसाने सांगितलेलं सगळं केलं होतं. कर्जाचा हप्ता चालू, गाडी माझ्याकडे, दूध दुसऱ्याच्या टेम्पोतून भाडं देऊन जातंय, आणि हा विचारतोय, मी कुठे चुकलो. मी त्यांना रिंगा, वायू, ग्लेझ सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "मग असं कुणी सांगितलं का न्हाय?" त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

हाफ इंजिनचं काम निघालं. सिलिंडर होन करून घेतला, रिंगा नव्या, व्हॉल्व्ह सील नवे, ऑईल नवं, एअर फिल्टर नवा. मजुरी मी घेतली. त्यावरून मला दोघा-चौघांनी नावं ठेवली, पण मजुरी न घेता गॅरेज चालत नाही, आणि तात्यांनाही ते फुकट नको होतं.

पहिली चक्कर मी मारली आणि तात्यांना मुद्दाम मागे बसवलं. इंजिन गरम होईपर्यंत हळू. मग ढेबेवाडीच्या रस्त्याला मोकळा पट्टा पाहून तिसऱ्या गिअरमध्ये तीसवरून अर्ध्याच्या वर रेस देत पन्नासपर्यंत नेली, आणि रेस पूर्ण सोडून दिली. गिअरमध्येच गाडी आपोआप हळू होऊ दिली. रेस सोडल्यावर सिलिंडरमध्ये जी ओढ तयार होते तिने ऑईल रिंगांकडे येतं आणि घासून निघालेले कण धुऊन नेतं. पुन्हा रेस, पुन्हा सोडली. मध्ये थोडं सरळ चालवून गार होऊ दिली. माझ्या खांद्यावरची तात्यांची मूठ प्रत्येक वेळी आवळत होती. "आवं, जाईल की ती," म्हणत होते. गेली नाही.

आता खरं सांगायचं तर यातून काही सिद्ध होत नाही. तात्या त्यानंतरही चाळीसनेच चालवत राहिले, फक्त चढाला गिअर खाली घ्यायला लागले. धूर परत आला नाही. म्हणून माझं खरं ठरलं का? गाडी उघडली तेव्हा एअर फिल्टर मातीने गच्च होता. धूळ आत गेली तरी रिंगा खराब होतात. ऑईल उशिरा बदललं होतं. कॅनचं वजन रोजचं होतं. यातलं नेमकं कशाने झालं, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकच इंजिन दोनदा नवं करून दोन पद्धतींनी चालवून पाहता येत नाही, हीच या सगळ्या वादातली अडचण आहे.

पूर्वीचा मी इथे मला अडवतो. तेव्हा मी प्रत्येकाला एकच सांगायचो: कंपनीचं पुस्तक पाळा, बाकी कोणाचं ऐकू नका. त्याचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. तात्यांनी पुस्तक पाळलं असतं तर निदान ऑईल वेळेवर बदललं गेलं असतं. पण बहुतेकांच्या हाती पुस्तक पडतं ते इंग्रजीत, आणि ते कागदपत्रांच्या पिशवीतून बाहेर निघत नाही. शिवाय पुस्तकात लिहिलेली असते ती वरची हद्द. त्याच हद्दीत सतत एका स्पीडला चालवू नका, चढाला गिअर खाली घ्या, हेही बऱ्याच पुस्तकांत असतं. लोकांपर्यंत पोचतो तो नुसता आकडा.

दुसऱ्या बाजूने हल्लीची पोरं येतात. व्हिडिओ पाहून आलेली असतात आणि त्यांचं म्हणणं, रेसिंगवाले पहिल्याच दिवशी इंजिन पिळतात, रिंगा सुरुवातीच्या काही तासांतच बसतात. त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण शर्यतीच्या गाडीचं इंजिन पुन्हा पुन्हा उघडलं जातं. तुम्हाला तेच इंजिन न उघडता वर्षानुवर्षं चालवायचं आहे. आणि आत फक्त रिंगा नसतात. गिअरचे दात, कॅम, बेअरिंग, क्लच प्लेटा, सगळ्यांनाच बसायचं असतं. ३९० ड्यूकसारख्या गाड्यांच्या सिलिंडरला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर असतो. तो बिडासारखा झिजत नाही, म्हणून त्यांच्यात हे सगळं अगदी याच चालीने होतं असंही मी म्हणणार नाही. या पोरांशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

मी काय करतो ते सांगतो. गाडी सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट, मग निघायचं आणि पहिले काही किलोमीटर हळू. नवी गाडी स्टँडवर लावून तासभर चालू ठेवणं थांबवा. काही जण "इंजिन सेट होतंय" म्हणून पूजेनंतर असं करतात. हवा लागत नाही, इंजिन तापतं, रिंगांना दाब मिळत नाही, फायदा काही नाही. इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा असेल तर त्याच्या लाल रेघेच्या निम्म्यापर्यंत सुरुवातीला, मग किलोमीटर वाढतील तसं थोडं थोडं वर. स्पीड सतत बदलता ठेवा. शहरातल्या रोजच्या वापरात हे आपोआप होतं. म्हणून पुण्यात डिलिव्हरी घेऊन त्याच दिवशी हायवेने कराडपर्यंत एका रेसवर गाडी आणणाऱ्यांना माझा विरोध असतो, मग स्पीड चाळीस का असेना. यायचंच असेल तर वाटेत थांबत या, कधी पन्नास, कधी चाळीस, कधी थोडा वेळ पंचावन्न. चढाला इंजिन थरथरलं की गिअर खाली घ्या, ओरडू द्या. जड वजन आणि डबल सीट सुरुवातीला टाळता आली तर टाळा. दूधवाल्याला टाळता येत नाही, हे मला माहीत आहे. त्याने निदान चढ खालच्या गिअरमध्ये काढावा.

पहिलं ऑईल किलोमीटर पाहून बदला, पुस्तकात आहे तेव्हा, एक दिवसही उशीर नको. मधल्या काळात आठवड्यातून एकदा सपाट जागी पातळी पाहा. नव्या गाडीचं ऑईल कमी होत नाही, असा तात्यांचाही समज होता. ऑईल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं घ्या. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या काही ऑईलमधली घर्षण कमी करणारी द्रव्यं त्याला घसरवतात. चेनही पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये सैल पडते, ती ताणून घ्या.

आणि इंजिनाची एवढी काळजी करणारे टायर-ब्रेक विसरतात, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो रस्त्यावर खरवडून निघेपर्यंत पकड पूर्ण नसते. ब्रेकचे पॅडही अजून बसलेले नसतात. पहिले शंभर-दोनशे किलोमीटर ओल्या वळणावर गाडी झुकवू नका, पुढच्यापासून अंतर ठेवा. इंजिन बिघडलं तर मी खोलून देईन.

यातलं काही पटत नसेल तर गॅरेजवर या, वाद घालू. फक्त येताना सर्व्हिस बुक घेऊन या. ऑईल किती किलोमीटरला बदललं ते पाहिल्याशिवाय मी बोलायला सुरुवात करणार नाही.