लॅपटॉपचा डिस्प्ले बदलायला लॅमिंग्टन रोडला जाताय?

वॉरंटी संपलेल्या लॅपटॉपच्या डिस्प्लेवर उभ्या रेघा आल्या. अधिकृत सर्व्हिस सेंटरवाल्यांनी जीएसटीसकट साडेतेरा हजार सांगितले. नाशिकमधला दुकानदार म्हणाला, पॅनल (डिस्प्लेचा पडदा) मुंबईहून मागवावं लागेल, आठवडा धरा. मुंबईहूनच यायचं असेल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आपणच जाऊ, म्हणून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली.

पण गाडीत बसायच्या आधी घरीच एक खात्री करून घ्या: पॅनलच गेलंय ना? एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसलं तर ग्राफिक्स ठीक आहे. टीव्हीवरही रेघा असतील तर डिस्प्ले बदलून काही होणार नाही, दुखणं बहुधा मदरबोर्डचं आहे. झाकण हळूहळू मागेपुढे करून बघा. त्याबरोबर रेघा येत-जात असतील तर बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर संशय घ्या, ती पॅनलपेक्षा बरीच स्वस्त असते. पडदा काळाच असेल तर अंधारात त्यावर मोबाइलचा टॉर्च मारा. पुसटसं चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड (बॅकलाइट) गेलाय. डेलचा लॅपटॉप असेल तर 'डी' दाबून धरून चालू करा, पडदा एकेक रंग दाखवत स्वतःची चाचणी घेतो.

दुसरं काम पॅनलचा नंबर काढण्याचं, आणि माझ्या मते पैसे इथेच वाचतात. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपनी वेगवेगळी पॅनल बसवते, त्यामुळे नुसतं लॅपटॉपचं मॉडेल सांगून भाव विचारला की दुकानदार अंदाजाने बोलतो. खरा नंबर पॅनलच्या पाठीवर छापलेला असतो. उघडायचं नसेल तर एचडब्ल्यूइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये मॉनिटरखाली बहुतेक वेळा सापडतो. माझा 'एनव्ही१५६एफएचएम'ने सुरू होत होता: बीओई कंपनीचं, १५.६ इंची, फुल एचडी. केबल जोडतात तिथे पिना ३० आहेत की ४० हेही लिहून ठेवा. साध्या ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) फुल एचडीला बहुधा ३० असतात. टचला किंवा १४४ हर्ट्झच्या गेमिंग पॅनलला ४०.

दादरला उतरून पश्चिम रेल्वेची चर्चगेट स्लो धरा, ग्रँट रोडला उतरा आणि पूर्वेकडे बाहेर पडा. तिथून चालतच जायचं. नकाशावर लॅमिंग्टन रोड डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग या नावाने शोधा. अंधेरी-बीकेसीकडून येणाऱ्यांना आता भुयारी मेट्रोचंही ग्रँट रोड स्थानक आहे. अकराच्या आत पोचून उपयोग नाही, अर्धी शटरं खाली असतात. रविवारी तर जाऊच नका.

फुटपाथवर 'क्या चाहिए सर, लॅपटॉप रिपेअर?' म्हणत मागे लागणारे भेटतील. त्यांच्यामागून गेलात की त्यांचं कमिशन तुमच्याच बिलात येतं. सरळ इमारतींच्या आत शिरा. वरच्या मजल्यांवर जेमतेम दोन खुर्च्यांची दुकानं आहेत, खरं काम तिथे चालतं. पहिल्या दुकानात मॉडेल सांगितल्यावर सात हजार ऐकले. पुढच्या दुकानात पॅनलचा नंबरच दाखवला, तर बसवणावळीसकट चार हजार आठशे. तिसऱ्याने अडीच हजार म्हटलं, पण ते दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेलं जुनं पॅनल होतं. 'नया है या निकाला हुआ?' हा प्रश्न न लाजता विचारा. आणखी एक बघा: फुल एचडीच्या जागी १३६६ बाय ७६८ पिक्सेलचं, कमी बारकाव्याचं पॅनलही पुष्कळदा चालतं आणि स्वस्त पडतं. अक्षरं ओबडधोबड दिसायला लागतात ती घरी गेल्यावर.

मी मधल्याकडे दिलं. लॅपटॉप ठेवून जायला सांगितलं तर नको म्हणा, काम डोळ्यांसमोर अर्ध्या तासात होतं. कारागीर केबल काढण्याआधी लॅपटॉपची बॅटरी सोडवतो का, तेवढं बघा. बॅटरी जोडलेली असताना पॅनलची पिन खुपसली तर बोर्डावरचा बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो, आणि नवं पॅनलही काळंच राहतं. माझ्या कारागिराने न सांगता ती आधी सोडवली. तिथेच जरा निर्धास्त झालो. पासवर्ड कारागिराला द्यायची गरज नाही, लॉगिन स्वतःच करा.

फ्रेम चिकटवण्याआधी पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग पूर्ण पडद्यावर लावून बघा. या रंगांची चित्रं मोबाइलमधून पेनड्राइव्हवर आधीच टाकून न्या. मेलेला पिक्सेल (रंग न बदलणारा ठिपका) दिसला तर तिथेच बदलून मागा, नंतर कुणी ऐकत नाही. झाकण पाच-सहा वेळा उघडझाप करा, कॅमेरा चालू करून बघा.

बिलावर पॅनलचा नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. मला तीन महिने मिळाले, फुटलं तर वॉरंटी नाही. जुनं पॅनल ते ठेवून घेतात. मागितलं तर देतात, पण रेघांचं पॅनल घेऊन तुम्ही करणार काय? त्यापेक्षा ते ठेवून शंभर-दोनशे कमी करायला सांगा. संध्याकाळच्या परतीच्या पंचवटीचं आरक्षण मात्र आधीच करून ठेवा, दादरला ती भरूनच येते.