मोरयाचा काना

गणेशचतुर्थीच्या आठवडाभर आधी अंधेरीच्या ऑफिसात आमच्या गेमची मराठी चॅट तपासायला आम्ही आठजण एकाच मॅचमध्ये बसलो. पहिला मेसेज अर्थातच ‘गणपती बाप्पा मोरया’. एंटर दाबलं आणि पाठवणारा सोडून सातही जण गेमबाहेर.

अर्धा तास नेटवर्कला दोष देण्यात गेला. मग पॅकेट उघडून बाइट मोजले. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं; काना, वेलांटी, अक्षराचा पाय मोडणारा हलन्तसुद्धा. त्या गजरात १६ चिन्हं आणि २ स्पेस, म्हणजे ५० बाइट. चॅटची मर्यादा ४८. कात्री नेमकी शेवटच्या कान्यात चालली: १ बाइट राहिला, २ गेले. त्या अर्ध्या कान्यावर समोरचा डिकोडर, म्हणजे बाइटांची पुन्हा अक्षरं करणारा भाग, कोसळला. पाठवणाऱ्याचा मेसेज सर्व्हरकडून फिरून येण्याआधीच त्याच्या पडद्यावर उमटतो, म्हणून तो बचावला.

आता टाइप करतानाच अख्ख्या अक्षरावर कापतो. त्यातही मेख आहे: अक्षरं वेगळी करणाऱ्या जुन्या लायब्रऱ्या (तयार प्रोग्रॅमसंच) हलन्तानंतर तुकडा पाडतात. जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना कोड देणाऱ्या जागतिक प्रमाणात, १५.१ आवृत्तीला, २०२३ साली आला.

पुढचा मेसेज ‘किल्ल्यावर ये’. वेलांटी क सोडून ल ला चिकटली, हलन्त उघडे लोंबकळले. गेमचं इंजिन एका कोडला एक चित्र लावत होतं. ल्ल्य ला स्वतःचा कोडच नाही. अक्षरांची जुळणी करणारी हार्फबझ लायब्ररी जोडली, आणि ॲटलासमध्ये (अक्षरचित्रांच्या साठ्यात) चित्रं कोडऐवजी फॉन्टच्या ग्लिफ क्रमांकाने, म्हणजे फॉन्टमधल्या आकाराच्या क्रमांकाने, साठवली. भाषा ‘मराठी’ सांगायला विसरू नका, नाहीतर फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असूनही हिंदी वळणाचे येतात.

संध्याकाळी खरी गंमत. एकाने लिहिलं ‘दऱ्यांत लपा’, बाकीच्यांना दिसलं ‘दर्यांत लपा’. दरीतला गडी थेट समुद्रात! काही कीबोर्ड हा र्‍य लिहिताना र, हलन्त आणि त्यामागे, य च्या आधी, न दिसणारं जोडचिन्ह झीरो विड्थ जॉइनर टाकतात. आमचा फिल्टर अदृश्य चिन्हं सरसकट पुसत होता. तो काढून टाकणं हा उपाय नव्हे. मजकूर उलटा फिरवणारी चिन्हं त्यानेच अडवलेली असतात. म्हणून जॉइनर फक्त हलन्तानंतर आला तरच ठेवतो, आणि र-हलन्त-जॉइनर दिसलं की त्या जागी ऱ-हलन्त बसवतो. शिव्यांच्या यादीशी तुलनाही त्यानंतरच, नाहीतर एकच शब्द दोन वेषांत निसटतो.