आधी बाप व्हा, मग व्हिसा मागा

माझ्या पासपोर्टात सध्या जो शिक्का आहे, तो माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या जिवावर आहे. ती थाई, मी भारतीय. ती इथे थायलंडमध्ये राहते म्हणून मला इथे राहू देतात, असा सरळ हिशोब. तिच्याशी भांडण झालं की ती मला याची आठवण करून देते.

इथल्या कारखान्यांच्या पट्ट्यात चाकण-पिंपरीकडून आलेली मंडळी बरीच आहेत. त्यांतल्या दोघा-तिघांची गोष्ट माझ्यासारखीच आहे, आणि त्यांचे फोन येतात: मुलाच्या नात्यावर इथला व्हिसा कसा मिळवला? दर वेळी तेच सांगून जीभ दुखली, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी मूळचा सातारचा, नोकरीला चिंचवडला. २०११ मध्ये कंपनीनं थायलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्लांटला पाठवलं, दोन वर्षांसाठी म्हणून. ती दोन वर्षं तेरा झाली. तोवर व्हिसा ही माझ्या लेखी एचआरमधल्या बाईंची डोकेदुखी होती. नॉन-बी म्हणजे नोकरीचा व्हिसा, वर्क परमिट, दरवर्षीचा शिक्का; मी फक्त सही करायचो.

२०१५ मध्ये लग्न झालं, म्हणजे मला वाटलं की झालं. बुरीरामकडच्या बायकोच्या गावी भिक्खूंनी मंत्र म्हटले, सगळ्या गावानं आमच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले, मी सिनसोत मोजून दिला. सिनसोत म्हणजे नवऱ्यानं मुलीकडच्यांना द्यायची रक्कम. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे हुंडा उलटा? चांगलंय की." जेवणं झाली, नाच झाला. राहिलं एवढंच की तालुक्याच्या कचेरीत, म्हणजे आम्फोत, जाऊन नोंदणी करायची. त्याला वकिलातीचं अविवाहित असल्याचं पत्र, त्याचं थाई भाषांतर, परराष्ट्र खात्याचा शिक्का असं सगळं लागणार होतं. पुढच्या महिन्यात करू म्हटलं. इकडच्या कायद्यात नोंदणीशिवाय लग्न नाही, मग दोरे कितीही बांधा. २०१६ मध्ये लेक झाली. २०२० मध्ये आम्ही दोघं वेगळे झालो, बिनभांडणाचे. लेकीची आई बँकॉकला हॉटेलात काम करते, लेक माझ्याकडे असते, शनिवार-रविवार आईकडे.

जुलै २०२४ मध्ये आमची लाइन बंद झाली. दहा वर्षांच्या वर नोकरी झाली असेल तर इथल्या कामगार कायद्यानं तीनशे दिवसांचा पगार द्यावा लागतो. तो मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण नोकरीच्या शिक्क्याची मुदत नोकरीबरोबरच संपते. चार दिवसांत सामान आवरून पुण्याला गेलो आणि ऑगस्टमध्ये पर्यटक म्हणून परत आलो. भारतीयांना त्याच जुलैपासून साठ दिवस बिनव्हिसा राहू देत होते. तेरा वर्षं जिथे टॅक्स भरला तिथल्या विमानतळावर 'पर्यटक' होऊन उभं राहताना कसंसंच झालं.

मला वाटत होतं, मुलगी थाई आहे, जन्मदाखल्यावर बाप म्हणून माझं नाव आहे, दाखला दाखवायचा आणि शिक्का घ्यायचा. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या बाईंनी दाखला उलटसुलट पाहिला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "खो रो दोन आहे का? नाही? मग खो रो अकरा?"

इथेच सगळी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. थायलंडच्या दिवाणी कायद्याप्रमाणे आईबापाचं नोंदणीकृत लग्न नसेल तर मूल कायद्यानं फक्त आईचं. जन्मदाखल्यावर बापाचं नाव असणं ही माहिती झाली, हक्क नव्हे. कायद्यानं बाप व्हायचे तीन रस्ते: मुलाच्या आईशी लग्न नोंदवा, आम्फोत जाऊन मूल आपलं असल्याची नोंद करा, किंवा कोर्टाचा निकाल आणा. लग्नाच्या नोंदीचा कागद तो खो रो दोन, मुलाच्या नोंदीचा तो खो रो अकरा. आठ वर्षं मी तिचे डबे भरले, ताप काढले, शाळेच्या मीटिंगा केल्या, आणि कागदावर मी तिचा कोणीच नव्हतो. माझ्या आईला सांगितलं तर तिला पटेना. "अरे, नाक बघ म्हणावं तिचं!"

लग्न नोंदवणं आता आमच्यात शक्य नव्हतं. राहिला खो रो अकरा. त्याला मुलाची आई आणि खुद्द मूल, दोघांची संमती लागते. आई तयार होती. प्रश्न मुलाचा: मूल अगदी लहान असेल तर ते संमती देणार कशी? साधारण सात वर्षांच्या आतलं मूल असलं की बहुतेक कचेऱ्या सरळ बाल व कुटुंब न्यायालयाकडे बोट दाखवतात. माझा एक बेल्जियन शेजारी त्या वाटेनं गेला. वकील, समाजसेवकांच्या मुलाखती, त्यांचा अहवाल, मग तारीख. कित्येक महिने गेले. आमची लेक आठ वर्षांची होती, एवढं एक नशीब.

माझं घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. पासपोर्टावर माझं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव, आपल्या पद्धतीनं. जन्माच्या वेळी दवाखान्यातल्या कारकुनानं वडिलांचं नाव गाळून टाकलेलं. शिवाय माझ्या आडनावात 'ळ' आहे. त्याचं थाईत दाखल्यावर एक झालं होतं आणि पासपोर्टाच्या भाषांतरात दुसरंच. आम्फोतला माणूस म्हणाला, ही दोन वेगळी माणसं दिसतात. मग बँकॉकला आपल्या वकिलातीतून दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं पत्र, त्याचं भाषांतर, त्यावर शिक्का. इथे मूल झालेल्या मराठी माणसाला माझा एकच सल्ला आहे: दवाखान्यात तो दाखला हातात येईल तेव्हा बायकोकडून अक्षर न् अक्षर वाचून घ्या.

ऑगस्टच्या शेवटी एका मंगळवारी आम्ही तिघं आम्फोत. लेक शाळेच्या गणवेशात, कारण तिला वाटलं सरकारी काम म्हणजे गणवेश. साहेब पन्नाशीचे, चष्मा नाकावर. त्यांनी आम्हा दोघांना जरा मागे बसायला सांगितलं आणि तिला समोर घेतलं. नाव, शाळा, इयत्ता. रात्री कुणाजवळ झोपतेस? शाळेत कोण सोडतं? मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण?"

"बाबा."

साहेबांचं पेन थांबलं. थाईत 'बा' म्हणजे वेडा. नुसता सूर वेगळा, पण आठ वर्षांच्या पोरीनं बापाकडे बघून ठणठणीत आवाजात दोनदा वेडा म्हटलं, असंच त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. पलीकडच्या टेबलावरच्या दोन बायका तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. लेकीला हा विनोद बालवाडीपासून ठाऊक आहे. थाईत बापाला 'पो' म्हणतात. तिनं शांतपणे समजावलं, "पो. म्हणजे पोच. त्यांच्या भाषेत बाबा म्हणतात." साहेबांनी विचारलं, हे तुझे कायद्यानं बाबा झालेले तुला चालतील का? ती म्हणाली, "आधीपासूनच आहेत." साहेबांनी ते उत्तर लिहून घेतलं की नाही माहीत नाही. तिनं मोठ्या अक्षरांत सही केली, तिच्या आईनं केली, मी केली. फी म्हणावी असं काही लागलं नाही. बाहेर येऊन तिघांनी वाडग्यांतून रस्सेदार 'बोट नूडल' खाल्ले. खरं म्हणजे नुसत्या व्हिसासाठी नाही, दवाखान्यात सही करायला, शाळेच्या सहलीला, पासपोर्टाला, सगळ्यालाच हा कागद लागतो. ज्यांची नोकरी अजून शाबूत आहे त्यांनी ती असतानाच काढून ठेवावा.

त्यापुढचं काम म्हणजे नुसती कारकुनी. पर्यटक म्हणून आलेल्या माणसाला देशात राहूनच नॉन-ओ, म्हणजे कुटुंबाच्या नात्यावरचा व्हिसा, करून मिळतो. फॉर्म टीएम ८७, फी २,००० बात (इथलं चलन), आणि अर्जाच्या दिवशी आधीच्या मुक्कामाचे निदान पंधरा दिवस शिल्लक हवेत. त्यावर नव्वद दिवस मिळतात. ते संपायच्या आधीच्या महिन्यात वर्षभराच्या मुदतवाढीचा अर्ज, फी १,९०० बात. मूल वीस वर्षांच्या आतलं, अविवाहित आणि तुमच्याजवळ राहणारं हवं. आणि पैसा: थाई बँकेत, एकट्याच्या नावावर, ४,००,००० बात आधीचे दोन महिने हललेले नसावेत, किंवा महिन्याचं उत्पन्न ४०,००० बात. त्या वेळच्या भावानं चार लाख बात म्हणजे आपले दहा लाखांच्या आसपास. माझे तीनशे दिवस तिथे जाऊन बसले.

डिसेंबरात अर्ज द्यायला गेलो आणि पहिल्या दिवशी परत आलो, चूक सगळी माझी. बँकेचं पत्र त्या दिवशीचं होतं पण पासबुक भरून आणलं नव्हतं. त्याच दिवशीची एक नोंद हवी, म्हणून एटीएममध्ये शंभर बात टाकायचे आणि पासबुक छापायचं. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. लेकीचं नाव अजून बुरीरामला आजीच्या ताबियन बानात, म्हणजे घराच्या निळ्या पुस्तकात, आहे. मग ती माझ्याजवळ राहते हे दाखवायला शाळेचं पत्र आणि घरमालकिणीचा कागद दिला, तो चालला. शिवाय घराचा हातानं काढलेला नकाशा आणि फोटो: दोघं घरात, दोघं घराच्या नंबराच्या पाटीपाशी. पाटीच्या फोटोत लेकीला मांजर घ्यायचंच होतं. एका फोटोत मांजराच्या शेपटीनं नंबर झाकला गेला, तो बाद.

लगेच वर्ष मिळत नाही. आधी तीस दिवसांचा 'विचाराधीन' शिक्का मिळतो, आणि त्या काळात इमिग्रेशनवाले घरी येऊ शकतात. आमच्याकडे आले. दोघं, बूट काढून. एकानं शेजारच्या सोमतामवालीला, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर विकणारीला, आमच्याबद्दल विचारलं. ती जरा जास्तच बोलली. दुसऱ्याचं लक्ष भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्याकडे गेलं. लेकीनं ग वर बोट ठेवून "ग गणपतीचा" म्हणून दाखवलं. गणपती इथे परका नाही, फ्रा फिकानेत म्हणून त्याला सगळे ओळखतात, कलाखात्याच्या बोधचिन्हातही तोच आहे. त्या माणसानं तक्त्याला हात जोडले आणि फोटो काढून घेतला. फायलीसाठी की स्वतःसाठी, कोण जाणे. जानेवारीत शिक्का मिळाला.

लोक विचारतात, दुसरे मार्ग नाहीत का? आहेत. निवृत्तीचा आहे, पण त्याला पन्नाशी लागते आणि आठ लाख बात. मी आता सत्तेचाळीस. २०२४ मध्ये निघालेला पाच वर्षांचा डीटीव्ही नावाचा व्हिसा आहे, पाच लाख बात दाखवायचे, एका खेपेला १८० दिवस. लॅपटॉपवर परदेशची कामं करणाऱ्या पोरांना तो बरा. पण दर सहा महिन्यांनी उठबस करायची आणि मुलगी इथे शाळेत, हे मला जमणारं नाही. शिवाय बापाच्या शिक्क्यावर वर्क परमिट काढता येतं, डीटीव्हीवर इथल्या कंपनीत नोकरी करता येत नाही. नुसता शिक्का म्हणजे कामाची परवानगी मात्र नव्हे. ओळखीतल्या वर्कशॉपवर 'जरा हात लावला' तरी ते काम धरतात.

शिक्का मिळाला की माणूस सैल होतो. मी झालो. मार्चमध्ये आई न्हाणीघरात पडली, भावाचा रात्री फोन, पहाटेचं विमान. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर रांगेत उभा असताना आठवलं की री-एंट्री परमिट काढलेलंच नाही. ते न काढता देश सोडला की वर्षभराचा शिक्का तिथेच मेला, पुन्हा पर्यटकापासून सुरुवात. एका खेपेचं १,००० बात, वर्षभर कितीही खेपांचं ३,८००. विमानतळावरही मिळतं, पण पहाटे तीन वाजता खिशात फोटो कोण ठेवतो? पाकिटात लेकीच्या शाळेच्या फॉर्मसाठी काढलेला माझा एक उरला होता, त्यावर भागलं. आई आता वॉकर घेऊन फिरते आणि मला 'तुझ्या शिक्क्याचं काय' विचारते.

दर नव्वद दिवसांनी पत्त्याची हजेरी असते, टीएम ४७, विसरलात तर २,००० बात दंड. लेकीच्या ओसीआय कार्डाचं, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचं, आता बघतो आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, पण एक पालक भारतीय असला की अज्ञान मुलाला ते कार्ड मिळू शकतं, आणि मग सातारला आजीकडे जायला तिला व्हिसाची रांग नको. तेवढं झालं की आमची फिटंफाट.

ती २०३६ मध्ये वीस वर्षांची होईल. तोवर दरवर्षी हेच. पुढचा अर्ज डिसेंबरात आहे, त्या दिवशी शाळेतून सुट्टी घ्यावी लागेल हे तिला आत्ताच सांगून ठेवलंय. तिनं विचारलं, "परत बाबा म्हणायचं का पो?"