बिनसाखरेचा फ्रूट आइस्ड टी : द्राक्षांपासून आंब्यापर्यंतचा अपडेट

मंडळी, वरून साखर, गूळ, मध, सिरप काहीही न घालता फक्त फळांच्या गोडीवर आइस्ड टी जमवायचा असं ठरवून फेब्रुवारीत द्राक्षं-स्ट्रॉबेरीपासून सुरुवात केली होती, आता आंब्यापर्यंत आलेय, तर एवढ्यात जे हाती लागलं ते सगळं इथे टाकतेय. मुख्य गोष्ट आधीच सांगते. फळं वाढवून जेवढी गोडी वाढते त्यापेक्षा जास्त ती चहाचा तुरटपणा कमी करून वाढते. हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं सोपं आहे, आणि फळांवरचा खर्चही निम्म्यावर येतो.

आपल्याकडे घरोघरी असतो तो सीटीसी चहा, बारीक दाणेदार. तो दूध-साखरेसाठी एकदम फिट, दोन मिनिटं उकळला की रंग कडक, चव कडक, आणि त्यातलं टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) दुधातल्या प्रोटीनशी बांधलं जातं म्हणून आपल्याला ते टोचत नाही. पण तोच चहा बिनदुधाचा गार करून प्या, जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, आणि ते झाकायला मग ग्लासामागे तीन-चार चमचे साखर लागते. म्हणून या कामाला पत्ती चहा घ्या, ऑर्थोडॉक्स म्हणून मिळतो तो. मी निलगिरीचा वापरतेय, सुटा चहा विकणाऱ्या दुकानात मागितला की मिळतो, आसामपेक्षा हलका असतो आणि गार झाल्यावरही छान स्वच्छ दिसतो.

आणि उकळायचा नाही, अजिबात नाही. काचेच्या बरणीत 1 लिटर पिण्याचं गार पाणी, त्यात 8 ते 10 ग्रॅम पत्ती, झाकण लावून रात्री फ्रीजमध्ये, सकाळी गाळायचा. थंड पाण्यात टॅनिन आणि कॅफिन दोन्ही कमी उतरतात, सुगंध मात्र बऱ्यापैकी उतरतो, म्हणून नुसता प्यायला तरी किंचित गोडसर लागतो. 8 तास पुरे. गाळताना पत्ती चमच्याने दाबून पिळायची नाही, तो शेवटचा घोट सगळा तुरट असतो.

कुणी गरम पाण्यात करून मग फ्रीजमध्ये ठेवत असेल तर तो गढूळ होतो, दुधाचे दोन थेंब पडल्यासारखा दिसतो. खराब झालेला नसतो तो. कॅफिन आणि चहातली रंगद्रव्यं गार झाल्यावर एकमेकांना चिकटून बाहेर पडतात एवढंच, थोडं उकळतं पाणी ओतून ढवळलं की डोळ्यांदेखत परत स्वच्छ होतो. कडक चहा जास्त गढुळतो, हलका कमी. रात्रभर गार पाण्यात केलेल्याला हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. बरणी उन्हात ठेवून चहा करायची पद्धत बऱ्याच जणांना आवडते पण मी ती करत नाही आणि तुम्हीही करू नका, उन्हात पाणी फक्त कोमट होतं आणि त्या तापमानाला जंतूंचं चांगलंच फावतं.

आता फळांकडे येते. फळांच्या फोडी नुसत्या चहात टाकून ठेवल्या की दिसायला भारी पण गोडी सगळी फोडीतच राहते. यावर सगळ्यात जोरदार उपाय म्हंजे फळ आधी फ्रीझरमध्ये घट्ट गोठवायचं आणि मग सावकाश वितळू द्यायचं. आतल्या पाण्याचा बर्फ होतो तेव्हा पेशींच्या भिंती फुटतात, वितळल्यावर रस आपोआप बाहेर येतो, ना मिक्सर लागतो ना गॅस. स्ट्रॉबेरीवर हे बघण्यासारखं असतं. देठ काढून अर्ध्या कापून रात्रभर गोठवल्या, सकाळी स्टीलच्या गाळणीत घालून खाली भांडं ठेवलं, की पहिला अर्धा तास काहीच होत नाही आणि मग एक एक थेंब पडायला लागतो, लालभडक, एकदम पारदर्शक, आणि वर गाळणीत फोडी हळूहळू बसत जातात, फिक्या आणि लिबलिबीत होतात. शेवटी चमच्याने हलकेच दाबायचं, घासायचं नाही, नाहीतर गर खाली उतरून रस दाट होतो. शिजवली की स्ट्रॉबेरीला जॅमचा वास येतो, इथे मात्र ताज्या फळाचाच वास राहतो. महाबळेश्वरची घेताना स्वीट चार्ली ही जात मिळाली तर तीच घ्या, आंबटपणा कमी असतो.

काळी द्राक्षंही तशीच. शरद सीडलेस घेतली, खायच्या सोड्याच्या पाण्यात 10-15 मिनिटं ठेवून मग वाहत्या पाण्याखाली नीट धुतली (द्राक्षांच्या बाबतीत हे टाळू नका), गोठवली, वितळली की हाताने कुस्करून गाळली. रंग जांभळट, गोडी स्ट्रॉबेरीच्या तिप्पट तरी. स्ट्रॉबेरीत 100 ग्रॅममागे साखर असते साधारण 5 ग्रॅम, द्राक्षांत 16 च्या आसपास, त्यामुळे नुसत्या स्ट्रॉबेरीवर चहा गोड होईल ही अपेक्षाच ठेवायची नाही, तिथे जोडीला काहीतरी लागतंच.

ती जोडी म्हंजे मनुकांचं पाणी. खजूर करून बघितला, गोड भरपूर होतो पण चहाला खिरीसारखा दाटपणा आणि एक कॅरॅमलचा वास येतो, फळ मागे पडतं. मनुका जास्त स्वच्छ गोड लागतात. सांगली-तासगावकडचे बेदाणे मिळाले तर उत्तम, रंग फिका म्हणून स्ट्रॉबेरीचा लाल रंग बिघडत नाही. 40 ग्रॅम बेदाणे धुऊन 150 मिली कोमट पाण्यात 4-5 तास, मग त्याच पाण्यात मिक्सरला एकदा फिरवून मलमलच्या कापडातून गाळायचे. 1 लिटर चहा, 300 ग्रॅम स्ट्रॉबेरीचा रस आणि हे सगळं पाणी, एवढ्यात माझ्या घरी सगळ्यांचं समाधान होतं.

गोडी चाखताना चहा पूर्ण गार झालेला हवा. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते, त्यामुळे कोमट असताना बरोबर वाटलेला ग्लास बर्फ पडल्यावर फिका लागतो. फळांच्या बाजूने एक चांगली गोष्ट अशी की फळांत फ्रुक्टोज, म्हंजे फळांतली साखर, भरपूर असतं आणि ते थंड असताना उलट जास्त गोड लागतं. बर्फही साधा घालू नका, फळाच्याच पातळ रसाचे क्यूब करून ठेवा, कलिंगडाचे मस्त होतात, वितळले तरी चहा पाणचट होत नाही. आणि चिमूटभर सैंधव, अगदी चिमूटभर, खारट लागायच्या आधीच थांबायचं. मीठ कडूपणा दाबतं आणि गोडी वर येते.

संत्र्याबद्दल खास लिहायचंय. मृग बहाराची नागपुरी संत्री मार्चपर्यंत चांगली मिळतात, चहाबरोबर जमतातही झकास, पण रस काढून ठेवला की काही तासांत कडवट व्हायला लागतो. बियांमुळे किंवा सालीमुळेच होतो असं नाही, रसातच एक घटक हळूहळू कडू रूप घेतो, त्याला लिमोनिन म्हणतात. म्हणून संत्र्याचा चहा आदल्या दिवशी करायचा नाही, चहा तयार ठेवायचा आणि रस ग्लासात आयत्या वेळी पिळायचा.

आंब्यात हापूस वापरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. गर इतका दाट की चहा त्याच्याखाली दबून जातो आणि तासाभरात तळाशी साका बसतो. रायवळ घ्या, बिटक्या चोखायच्या आंब्याचा रस पातळ असतो, कापडातून गाळून 1 लिटरला 150 ते 200 मिली घातला की चहा चहाच राहतो आणि नाकाला आंबा लागतो. थोडा गाळ बसतोच, ओतण्याआधी बरणी हलवायची. यात मनुकांची गरज नाही. मला तरी या वर्षीचा सगळ्यात आवडलेला प्रकार हाच.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, हा चहा बिनसाखरेचा म्हंजे वरून साखर न घातलेला, शुगर-फ्री नव्हे. वर दिलेल्या स्ट्रॉबेरी-बेदाण्याच्या प्रमाणात ढोबळ हिशोबाने 100 मिलीमागे जास्तीत जास्त 3 ग्रॅम साखर येते, साध्या कोल्ड्रिंकमध्ये ती 10 च्या आसपास असते, म्हंजे फरक मोठा आहे पण शून्य नाही, आणि फळातला चोथा आपण गाळून टाकलेला असतो. आमच्या सासूबाईंना डायबेटिस आहे, त्यांच्या ग्लासात मी नुसता गार चहा, गवती चहाची पात, लिंबू आणि दोन-तीन स्ट्रॉबेरीच्या फोडी घालते, त्यांना तो खरंच आवडतो. कुणी ज्येष्ठमध सुचवलं होतं, ते गोड लागतं हे खरं, पण रोज पोटात गेलं तर ब्लड प्रेशर वाढवतं, म्हणून घरात बीपीची गोळी चालू असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

टिकण्याचं म्हणाल तर नुसता चहा फ्रीजमध्ये दोन दिवस चांगला, फळांचा रस मिसळला की त्याच दिवशी संपवायचा. झाकण उघडताना फस्स आवाज आला किंवा वर बुडबुडे दिसले तर सरळ ओतून द्या.

आता पुढे जांभूळ. जूनमध्ये बाजारात येईल, पण ते स्वतःच इतकं तुरट की माझा अंदाज आहे चहा निम्मा करावा लागेल, 1 लिटरला 4-5 ग्रॅमच, आणि बेदाणे थोडे वाढवावे लागतील. गोठवून वितळवायची युक्ती बिया काढल्यावर करायची की अख्ख्या जांभळावर, यावर अडलेय. कुणी आधी केलं असेल तर चहाचं प्रमाण आणि रंग कसा आला ते दोन्ही लिहा.