माझ्याच घरी सालदार

आमच्या खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाकडे राबणाऱ्या गड्याचं, वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतं. जुना हिशोब चुकता करायचा, नवा आकडा ठरवायचा, पटलं तर पुढच्या अखाजीपर्यंत साल धरायचं, नाही पटलं तर दुसरा मालक बघायचा. माझे आजोबा पारोळ्याकडच्या एका गावात अकरा सालं एकाच घरी राहिले. मी शिकलो, जळगावला आलो आणि एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात चौदा वर्षं स्टोअरकीपर होतो. १० मे २०२४ ला अखाजी होती. तिच्या दहा दिवस आधी कारखान्याने एक पाळी बंद केली, आणि तिच्याबरोबर मलाही.

बायको स्टाफ नर्स आहे, तिचा पगार चालू होता. अखाजीला आमरसाचं जेवण झालं, बहीण माहेरी आलेली, सगळे आडवे झालेले. तेव्हा बायको म्हणाली, "अहो, दुसरं काम मिळेपर्यंत घर तुम्ही बघा. साल धरा म्हणा हवं तर." सगळे हसले. मीही हसलो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी डायरी काढून पहिल्या पानावर तारीख टाकली.

स्टोअरकीपरला एकच काम नीट येतं: काय आहे ते मोजणं. म्हणून आधी घराचा स्टॉक घेतला. तीन दिवस लागले. साबुदाणा तीन ठिकाणी मिळून अडीच किलो. पोहे चार डब्यांत, चारही अर्धे. झाकण नसलेले अकरा डबे आणि डबा नसलेली सात झाकणं, जी एकमेकांना बसत नव्हती. मिक्सरची तीन भांडी, त्यातलं एक ज्या मिक्सरचं होतं तो मिक्सर २०१६ सालीच भंगारात गेलेला. कारखान्यात याला आम्ही डेड स्टॉक म्हणायचो. साहेब यायचे, चिडायचे, आणि तो तसाच पडून राहायचा.

पहिले दोन महिने आम्ही काटकसर केलीच नाही, फक्त घरात होतं ते संपवलं. किराण्याचं बिल आपोआप निम्म्यावर आलं. आईला हे आवडलं नाही. तिच्या मते डबा भरलेला असणं म्हणजे घर असणं.

मे संपत आला तेव्हा पारा ४५ च्या वर होता आणि माझी पहिली मोठी चूक तेव्हाच झाली. घरात एक एसी आहे, बायकोच्या खोलीत. तिला महिन्यात दहा-बारा नाइट असतात. सकाळी साडेआठला घरी येऊन ती दुपारी तीनपर्यंत झोपते. मी हिशोब मांडला: दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट खातो, कुलर दहा तासांत दोन युनिटही खात नाही. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे कुलर मुंबईत नुसता ओला वारा फेकतो तसा इथे नाही, मागची खिडकी उघडी ठेवली आणि समोरून हवा बाहेर जायला वाट दिली तर खोली खरंच गार होते. कागदावर सगळं बरोबर होतं. मी एसीचा रिमोट कपाटात ठेवला.

चौथ्या दिवशी ती ड्युटीवरून आली, कुलरच्या घरघरीत दोन तास पडली, उठून किचनमध्ये आली आणि काही न बोलता खाली फरशीवर बसली. फरशी गार असते म्हणून. म्हणाली, "काल रात्री एका पेशंटचं इंजेक्शन मी दोनदा तपासलं, कारण पहिल्यांदा तपासलं की नाही तेच आठवेना." मी रिमोट आणून दिला. डायरीत त्या दिवशी काही लिहिलेलं नाही.

एसी २७ वर, सोबत पंखा, आणि फक्त तिच्या झोपेपुरता. बाकी वीज दुसरीकडून वाचवायची ठरवलं. महावितरणच्या बिलामागे दर छापलेले असतात, ते मी चौदा वर्षांत पहिल्यांदा वाचले. पहिल्या १०० युनिटांचा एक दर, १०१ ते ३०० चा त्याच्या दुपटीहून जास्त, ३०० च्या पुढे आणखी वर. म्हणजे वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. हॉलचा आणि आईच्या खोलीचा पंखा दिवसाचे अठरा तास फिरतो. जुना पंखा ७५ वॉटचा, नवे कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे ३० च्या आसपास. ४५ वॉट गुणिले अठरा तास गुणिले तीस दिवस, झाले २४ युनिट, एका पंख्यामागे, महिन्याला. दोन पंखे बदलले. वर्षभरातला हा माझा सगळ्यात शहाणा खर्च, आणि गंमत म्हणजे घरात कुणाच्या लक्षातही आला नाही. रात्री मोबाइलचा चार्जर काढा म्हणून मी महिनाभर कटकट केली, ती मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. चार्जरचं युनिट वर्षात किती होतं हे नंतर मोजलं आणि गप्प बसलो.

गव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. सालाचं धान्य उन्हाळ्यात भरतात हे मला माहीत होतं. दाणा बाजारातून दोन क्विंटल लोकवन आणला, दादर ज्वारी पन्नास किलो. किलोमागे सुट्या भावापेक्षा बरेच वाचले, मी खूश. आई म्हणाली गच्चीवर तीन उन्हं दे. गच्चीवर अनवाणी सोडाच, चपलेनेही उभं राहवत नव्हतं. मी गहू पोत्यातून थेट कोठीत ओतला, वर कडुनिंबाचा पाला टाकला आणि झाकण लावलं. श्रावणात झाकण उघडलं तर गहू चालत होता. सोंडे. वीस-पंचवीस किलो गेला, बाकीचा दोन दिवस चाळत, पाखडत बसलो. ऊन हे कोरडं करायला असतं, आणि दाण्यात ओल राहिली की पाल्याने काही होत नाही, हे आईने एका वाक्यात सांगितलं होतं, मी दोन क्विंटलमध्ये शिकलो. तूरडाळीला मात्र तिनेच एरंडेल चोळून ठेवलं होतं. ती आजपर्यंत जशीच्या तशी.

तेलात नशीब कामी आलं. पोळ्याच्या आधी एका दुकानात स्वस्त मिळाला म्हणून सोयाबीन तेलाचा १५ किलोचा डबा आणून ठेवला. १४ सप्टेंबरपासून सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर शून्याचं एकदम २० टक्के, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर भाव चढले. शेजाऱ्यांना वाटलं मला आतून खबर होती. पण झालं काय, की घरात भरलेला डबा दिसायला लागल्यावर आईचा हात सैल झाला. फोडणीत तवंग, भाजीत तवंग, धिरड्याखाली तळं. पंधरा किलो दोन महिन्यांत संपेल अशी लक्षणं. कारखान्यात आम्ही मशीनवाल्यांना ग्रीसचा अख्खा डबा कधी देत नसू, लागेल तेवढंच इश्यू करायचो. मी तेच केलं. डबा पलंगाखाली, किचनमध्ये बरणी, दर सोमवारी एक किलो.

आई दोन सोमवार काही बोलली नाही. तिसऱ्या सोमवारी बरणी हातात घेऊन म्हणाली, "मनाच घरमा माले मापीसन तेल देस का रे बापू?"

ह्याला उत्तर नव्हतं. ती एरवी माझ्याशी प्रमाण मराठी बोलते, शहरात आल्यापासून. अहिराणी, आमची खान्देशची बोली, तोंडात आली की समजायचं, लागलंय. मी डबा परत किचनमध्ये आणून ठेवला. त्यानंतर तेल कमी लागायला लागलं, का ते मी विचारलं नाही.

गॅसचं सोपं होतं. सिलिंडर लावला की त्याच्यावर खडूने तारीख. आधी ३२ दिवस जायचा, वर्ष संपताना ४३. डाळ तासभर भिजवायची, कुकरला वरण-भात-बटाटे एकावर एक लावायचे, शिट्टी झाली की ज्योत बारीक. एवढंच. वरण-बट्टीच्या दिवशी हा सगळा हिशोब कोलमडतो, आधी उकडा मग तळा, पण बट्टी सोडायची असेल तर मी दुसरा मालक बघेन. वांगी गॅसवर भाजणं मात्र बंद केलं. थंडीत मामेभावाच्या शेतात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ असतोच, तिथे दहा किलो भाजून आणायची, दोन दिवस भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. रावेरकडून येणारा एक ओळखीचा गाडीवाला भरताना तुटलेल्या केळीच्या फण्या देऊन जायचा. कच्च्या केळ्याची भाजी आमच्या नववीतल्या मुलीने पहिल्या आठवड्यात आवडीने खाल्ली, तिसऱ्या आठवड्यात तिने डब्यावर चिठ्ठी लावली: डेड स्टॉक.

कानबाईला, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, मी डायरी काढली नाही. तिच्या रोटाच्या, म्हणजे नैवेद्याच्या, गव्हाला वजनकाटा लावायची हिंमत अजून कुणा सालदारात नाही.

आता बिबड्यांकडे, म्हणजे ज्वारीच्या पापडांकडे येतो, कारण माझं सगळं गणित तिथे अडकलं. मार्चमध्ये आईने पाच किलो ज्वारी भिजत घातली. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग उपसून सुकवायची, जाडसर दळायची, चाळायची, पातेल्यात घाटा शिजवायचा, त्यात तीळ, जिरं, लसूण, तिखट, आणि ओल्या धोतरावर पाण्याच्या हाताने थापायचे. पहाटे पाचला गच्चीवर आई, शेजारच्या काकू आणि गल्लीतल्या दोघी. दहाला ऊन अंगावर आलं तेव्हा उठल्या. मी दोन तास घाटा ढवळला आणि माझा खांदा आठवडाभर दुखला.

संध्याकाळी मी डायरी घेऊन बसलो. बचतगटाचे तयार बिबडे ज्या भावाने मिळतात त्या भावाने धरलं, तर घरी केल्याने साधारण ६०० रुपये वाचले. माणसांचे तास मोजले: २२. भागाकार केला. तासाला २७ रुपये.

चौदा वर्षं मी रजिस्टरं ठेवली, पण त्यात तासांचा रकाना नसायचा. तो पगाराच्या खात्यात, दुसऱ्या टेबलावर. आईच्या काटकसरीतही तो रकाना कधी नव्हता. आमचं लहानपण तिने शिवून, उसवून, पाखडून, थापून स्वस्तात काढलं असं आम्ही नातेवाइकांना कौतुकाने सांगतो. त्या स्वस्ताईचं बिल कुठल्या टेबलावर गेलं हे मी पंचेचाळिसाव्या वर्षी, खांद्याला आयोडेक्स लावताना पाहिलं. तीच गोष्ट बायकोच्या झोपेची होती आणि तेव्हा मी रिमोट देऊन विषय मिटवला होता.

मी आईला आकडा सांगितला. म्हटलं, पुढच्या वर्षी विकत आणू. ती थापलेले बिबडे उलटत होती. "आणि काकूंची सून परत आली ते तुला कुठल्या दुकानात कळलं असतं?" म्हणाली. पहाटे गच्चीवर त्यावर तासभर चर्चा झाली होती, मी ढवळत असल्यामुळे सगळी ऐकली होती. आता २२ तासांतून तो एक तास वजा करायचा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. डायरीत पेन्सिलने लिहिलंय.

आकडे विचारणाऱ्यांसाठी: घरहप्ता आणि शाळेची फी सोडून महिन्याचा खर्च सरासरी १९,४०० होता, तो १३,८०० वर आला. त्यातला मोठा वाटा घरात होतं ते आधी संपवण्याचा, दोन पंख्यांचा, आणि मी दुचाकी घेऊन उगाच चकरा मारायच्या बंद केल्या त्याचा. जुलैत मोबाइलचे रिचार्ज महागले ते थोडं खाऊन गेले. स्वस्तातले एलईडी दिवे घेतले होते, सहापैकी चार दिवाळीपर्यंत गेले, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

३० एप्रिल २०२५ ला पुन्हा अखाजी आली. त्याच महिन्यात सिलिंडर ५० रुपयांनी वाढला होता. आईने पितरांची घागर भरली, बहीण आली, आमरस झाला. मला एका डाळ मिलमध्ये स्टोअरचं काम मिळालं होतं, मेच्या पाच तारखेपासून. जेवणानंतर बायको डायरी चाळत बसली, सोंड्यांच्या पानावर हसली, बिबड्यांच्या पानावर थांबली.

"मग?" ती म्हणाली. "साल सोडता की धरता?"

म्हटलं, मिल सहाला सुटते, अर्धं साल धरतो. आजोबांच्या वेळी सालदाराला पैशांसोबत धान्य, कपडे आणि चपला मिळायच्या. मी काय मागितलं तर रविवारी सकाळची भांडी दुसऱ्या कुणी घासावीत. ती म्हणाली विचार करते. आतून आईचा आवाज आला की तेलाचा डबा संपत आलाय.